एका मण्याचा सूक्ष्मदर्शक: लेव्हेनहूकच्या पद्धतीने घरी कसा बनवायचा

जिवाणू माणसाला पहिल्यांदा दिसले ते नळीच्या, दोन भिंगांच्या, स्टँडवर उभ्या केलेल्या सूक्ष्मदर्शकातून नव्हेत. ते दिसले धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दाबून बसवलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या एका भिंगातून. हे अख्खं उपकरण मुठीत मावायचं. ते वापरणारा माणूस हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातला कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठात तो कधी गेला नव्हता आणि लॅटिन त्याला येत नव्हतं.

तसंच उपकरण आज घरी बनवता येतं. काचेची कांडी, ज्योत, कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन, बँकेची मुदत संपलेली दोन कार्डं आणि एक छोटा नटबोल्ट एवढं सामान पुरतं. आधी थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्याला जी कृती करायची आहे ती त्या इतिहासातच लिहून ठेवलेली आहे.

दोन भिंगं असूनही मागे का पडली

सूक्ष्मदर्शक १५९० मध्ये मिडलबर्ग या डच शहरातल्या यान्सेन बापलेकांनी शोधला, असं अजूनही अनेक पुस्तकांत छापतात. त्यावर फार विसंबू नका. मुलगा झकारियास जन्मला १५८५ च्या सुमारास, म्हणजे शोधाच्या वेळी तो पाचेक वर्षांचा असणार. शिवाय हा दावा पुढे आला तो १६५५ च्या चौकशीत, त्याच्याच मुलाच्या तोंडून. खात्रीने सांगता येतं ते एवढंच की १६०८ मध्ये दुर्बीण आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तीच कल्पना जवळच्या वस्तूंसाठी वापरली जाऊ लागली. १६२० च्या सुमारास लंडनमध्ये राहणारा डच कारागीर कॉर्नेलिस ड्रेबेल दोन बहिर्वक्र भिंगांचे सूक्ष्मदर्शक बनवत होता. १६२४ मध्ये गॅलिलिओने आपलं उपकरण रोमच्या फेदेरिको चेझीला पाठवलं आणि १६२५ मध्ये चेझीच्या मंडळातल्या स्टेलुटीने मधमाशीची सूक्ष्मदर्शकातून पाहिलेली चित्रं छापली. मार्चेल्लो माल्पिगी या इटालियन वैद्याला १६६१ मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या दिसल्या.

लंडनच्या रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ हे मोठं सचित्र पुस्तक काढलं. बुचाच्या कापात त्याला जे कप्पे दिसले त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं, ते याच पुस्तकात. त्यातली पिसवेची घडी उलगडून पाहायची भलीमोठी आकृती आजही पाहत राहावी अशी आहे. हूकने वापरलं ते दोन भिंगांचं, नळीचं उपकरण. त्याची ताकद पन्नास पटींच्या पलीकडे फारशी जात नव्हती.

असं का? त्या काळच्या काचेत बुडबुडे आणि रेषा असत. एका भिंगातून प्रकाश जाताना रंग फाकतात आणि कडेचे किरण मधल्या किरणांच्या जागी एकत्र येत नाहीत. दुसरं भिंग जोडलं की हे दोष कमी होत नाहीत, उलट पहिल्या भिंगाने केलेला घोटाळाच मोठा होऊन दिसतो. त्याचा नीट बंदोबस्त व्हायला १८३० उजाडलं. त्या वर्षी जोसेफ जॅक्सन लिस्टरने रंगदोष सुधारलेली भिंगं एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायची याचं गणित प्रसिद्ध केलं. तोपर्यंत बारीक पाहायचं तर एकच लहान भिंग बरं, हे जाणकारांना ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८२७ मध्ये परागातल्या कणांची थरथर पाहिली तीसुद्धा एका भिंगाच्या उपकरणातून.

हूकलाही हे कळत होतं. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने मण्याच्या भिंगाची कृती देऊन ठेवली: स्वच्छ व्हेनिशियन काच दिव्यावर तापवून ओढायची, तिचा बारीक धागा करायचा, धाग्याचं टोक ज्योतीत धरायचं की त्याचा गोल मणी होतो. मग धाग्याची बाजू घासून, चकचकीत करून तो मणी पत्र्याच्या छिद्रावर बसवायचा. अशा मण्यातून दिसतं उत्तम, पण डोळ्याला फार त्रास होतो, ही त्याची तक्रार होती. म्हणून त्याने स्वतः नळीच पसंत केली. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासात इतकी चांगली कृती लिहून ती स्वतः बाजूला ठेवणारे फार थोडे निघतील.

डेल्फ्टचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक

लेव्हेनहूक जन्मला १६३२ मध्ये, चित्रकार व्हर्मीरच्याच शहरात आणि त्याच वर्षी. कापडाचा पोत तपासायला व्यापारी भिंग वापरत, त्यामुळे भिंगाशी त्याची ओळख धंद्यातूनच झाली असणार. १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला पत्रं लिहू लागला आणि १७२३ मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. सगळी पत्रं डचमध्ये, गप्पा मारल्यासारखी.

१६७४ मध्ये त्याने डेल्फ्टजवळच्या तळ्याचं गढूळ पाणी पाहिलं. १६७६ मध्ये मिरी तिखट का लागते हे शोधायला त्याने काळी मिरी पाण्यात भिजत घातली. मिरीच्या कणांना काटे असतील, असा त्याचा कयास होता. काटे सापडले नाहीत. तीनेक आठवडे भिजलेल्या त्या पाण्यात एप्रिलमध्ये त्याला कल्पनेपलीकडचे बारीक जीव वळवळताना दिसले. ९ ऑक्टोबर १६७६ च्या लांबलचक पत्रात त्याने हे सगळं कळवलं. लंडनला विश्वास बसेना. मग त्याने धर्मोपदेशकांसह आठ जणांच्या साक्षी पाठवल्या. शेवटी नोव्हेंबर १६७७ मध्ये हूकने स्वतः मिरीचं पाणी करून, मण्याचं भिंग लावून ते जीव सोसायटीच्या सभासदांना दाखवले. १६८३ मध्ये लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचं किटण पाहिलं आणि त्यातल्या जिवाणूंच्या आकृत्या पाठवल्या.

त्याने आयुष्यात पाचशेच्या वर भिंगं केली. त्यांतले जेमतेम दहा-अकरा सूक्ष्मदर्शक आज उरले आहेत. रॉयल सोसायटीला त्याने मृत्युपत्रात दिलेले चांदीचे सव्वीस सूक्ष्मदर्शक एकोणिसाव्या शतकात गहाळ झाले. उरलेल्यांत सर्वांत ताकदवान युट्रेक्टमध्ये आहे, सुमारे २६६ पटींचं. भिंगं कशी करतो हे लेव्हेनहूकने कोणालाच सांगितलं नाही. त्यामुळे तो ती घासून करायचा की वितळवून, यावर लोक तीनशे वर्षं वाद घालत राहिले. २०२१ मध्ये डच संशोधकांनी उपकरण न उघडता न्यूट्रॉनच्या झोताने आतलं भिंग पाहिलं. युट्रेक्टचं ते भिंग निघालं ज्योतीत वितळवलेला मणी, हूकने छापलेल्या कृतीशी जुळणारा. मध्यम ताकदीचं जे दुसरं भिंग तपासलं ते मात्र घासून केलेलं होतं.

म्हणजे आपण पुढे जे करणार आहोत ते ‘सोपं करून सांगितलेलं’ शालेय मॉडेल नाही, मूळ पद्धतच आहे.

मण्याचं गणित

हे वाचायचा कंटाळा करू नका, पुढची सगळी मापं यातूनच येतात.

साध्या काचेच्या गोल मण्याचं नाभीय अंतर (मण्याच्या मध्यापासून प्रकाशाचे समांतर किरण एकत्र येतात त्या बिंदूपर्यंतचं अंतर) त्याच्या व्यासाच्या सुमारे पाऊणपट असतं. स्पष्ट दृष्टीचं अंतर, म्हणजे डोळ्याला वस्तू ताण न पडता नीट दिसते ते जवळचं अंतर, २५० मिलिमीटर धरतात. २५० ला नाभीय अंतराने भागलं की वस्तू किती पट मोठी दिसेल ते कळतं. थोडक्यात, ३३३ ला मण्याच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागायचं. ३ मि.मी.च्या मण्यातून सुमारे ११० पट, २ च्या मण्यातून १६५, दीडच्या मण्यातून २२० आणि १ मि.मी.च्या मण्यातून ३३० पट. मणी जितका लहान तितकी ताकद जास्त.

पण नाभीय अंतर मोजायचं मण्याच्या मध्यापासून. त्यातली त्रिज्या वजा केली की मण्याचा पृष्ठभाग आणि वस्तू यांच्यात उरते व्यासाची फक्त एक चतुर्थांश जागा. दीड मि.मी.च्या मण्याला ती साधारण ०.३५ मि.मी., एकच्या मण्याला पाव मि.मी. स्लाइडची, म्हणजे नमुना ठेवायच्या पट्टीची, काच एक मिलिमीटर जाड असते. म्हणून स्लाइड उलटी लावली, म्हणजे काच मण्याकडे आणि नमुना पलीकडे ठेवला, तर जन्मभर बोल्ट फिरवूनही काही दिसणार नाही. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. नमुना नेहमी मण्याच्या बाजूला. कव्हर स्लिप, म्हणजे नमुन्यावर झाकायची पातळ काच, साधारण ०.१७ मि.मी. जाड असते, ती चालते.

पहिल्या खेपेला दीड ते दोन मि.मी.चा मणी करा. त्याहून मोठा मणी स्वतःच्या वजनाने लोंबून पेरूसारखा होतो. लहान मणी हाताळणं आणि फोकस करणं अवघड जातं.

सामान

सोडा काचेची भरीव कांडी घ्या, ४–५ मि.मी. जाड. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात ती मिळते. दुकानदाराला ‘मऊ काच’ हवी असं सांगा. ओव्हनमध्ये चालणारी बोरोसिलिकेट काच नको, ती वितळायला बरीच जास्त उष्णता लागते. कांडी मिळालीच नाही तर जुन्या ड्रॉपरची काचेची नळी चालते. नळीत हवा अडकते, म्हणून ती ओढताना पोकळी मिटेपर्यंत बारीक करावी लागते.

ज्योत निळी हवी. कांडी ओढायला बुन्सेन बर्नर किंवा हातात धरायचा छोटा गॅस टॉर्च सर्वांत बरा. धागा एकदा तयार झाला की त्याचा मणी करायला स्पिरिटचा दिवाही पुरतो. मेणबत्ती नको, तिची काजळी काचेत बसते.

बाकी सामान असं: कोल्ड्रिंकचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन, शिवणाची सुई, बारीक पॉलिश पेपर, काळा मार्कर, मुदत संपलेली दोन प्लास्टिक कार्डं, ३ मि.मी. जाडीचा १५–२० मि.मी. लांब बोल्ट आणि त्याचा नट, घट्ट पकडणारा डिंक, दोन रबरबँड, चिमटा, स्लाइड आणि कव्हर स्लिप.

आणि संरक्षक चष्मा. हा ऐच्छिक नाही. काचेचा तुटलेला धागा डोळ्यात गेला तर दिसतही नाही आणि सहज निघतही नाही. केस बांधा, ओढणी किंवा सैल बाही दूर ठेवा, अंगावर सुती कपडे असू द्या. काम फरशीच्या तुकड्यावर करा आणि पंखा बंद ठेवा. गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखीच असते, म्हणून खाली ठेवलेल्या तुकड्याला मिनिटभर तरी हात लावू नका. मुलं करणार असतील तर ज्योतीचं काम मोठ्यांनी करायचं. तुटलेले धागे झाडूने न लोटता चिकटपट्टीने उचला.

मणी

कांडीची दोन टोकं दोन हातांत धरून मधला भाग ज्योतीत सतत फिरवत राहा. ज्योत पिवळी होईल, तो काचेतल्या सोडियमचा रंग. मधला भाग लोण्यासारखा ढिला पडला की कांडी ज्योतीबाहेर काढा आणि मगच दोन्ही हात लांब करत ओढा. ज्योतीतच ओढली तर धागा जळून तुटतो. झटकन ओढलं तर धागा केसासारखा बारीक होतो, सावकाश ओढलं तर जाड राहतो. आपल्याला हवा तो साधारण ०.३ मि.मी.चा. गार झाल्यावर त्याचे हातभर तुकडे न ठेवता आठ-दहा सेंटिमीटरचे तुकडे करा.

आता एक तुकडा उभा धरा, टोक खाली, आणि ते टोक ज्योतीच्या कडेला हळूहळू आत सोडा. टोक वितळून आपोआप गोल होतं. हे काम पृष्ठताण करतो, तुम्हाला फक्त धागा बोटांत फिरवत खाली सोडत राहायचं असतं. मणी वर चढत मोठा होत जातो. ०.३ मि.मी.च्या धाग्याचा सुमारे २५ मि.मी. भाग वितळला की दीड मि.मी.चा मणी होतो. तेवढा झाला की झटक्यात न काढता ज्योतीच्या वरच्या गरम हवेत काही क्षण धरा आणि मग बाहेर घ्या.

एका बैठकीत भरपूर मणी करा. साहित्य जवळजवळ फुकट आहे आणि त्यांतले बरेचसे टाकूनच द्यायचे आहेत. धाग्याची पाच-सहा मि.मी.ची शेपटी ठेवून बाकीचा धागा तोडा. मण्याला बोट लावू नका, चिमट्याने शेपटीच धरा. हूक ही शेपटी घासून काढत असे. आपल्याला तशी गरज नाही, फक्त ती आडवी राहील असा मणी बसवायचा, म्हणजे पाहण्याच्या रेषेत ती येत नाही.

निवड करताना मणी खिडकीसमोर धरा. मण्यात खिडकीची इवलीशी उलटी प्रतिमा दिसेल. तिच्या चौकटीच्या रेषा सरळ आणि धारदार असतील तर मणी ठेवा. मध्ये बुडबुडा, काळा ठिपका किंवा लांबुळका आकार दिसला की फेका. व्यास मोजायला मणी पट्टीच्या मिलिमीटरच्या खुणांशेजारी ठेवून मोबाइलने जवळून फोटो घ्या आणि तो मोठा करून पाहा.

पत्रा आणि छिद्र

मणी उत्तम असूनही चित्र धुरकट येतं त्याला बहुतेक वेळा छिद्र जबाबदार असतं. मण्याच्या कडेने येणारा प्रकाश चित्र बिघडवतो. त्याला अडवून फक्त मधला प्रकाश घ्यायचा, त्यासाठी हे छिद्र. लेव्हेनहूकची छिद्रंही अशीच, मिलिमीटरपेक्षा लहान असत.

कॅनमधून चार बाय दोन सेंटिमीटरची पट्टी कापा. कडा धारदार असतात, पॉलिश पेपरने मोडून घ्या. पट्टी मधोमध दुमडून चौकोन करा आणि पुठ्ठ्यावर ठेवून सुईने दोन्ही थरांतून एकदम टोचा. छिद्र चौकोनाच्या बरोबर मध्यावर येऊ द्या. मग पट्टी उलगडा. एका बाजूचं छिद्र मण्याच्या निम्म्या व्यासाचं करा, दीडच्या मण्याला पाऊण मि.मी. ही डोळ्याची बाजू. दुसऱ्या बाजूचं थोडं मोठं, सव्वा मि.मी.पर्यंत, पण मणी आरपार पडेल इतकं नाही. ही नमुन्याची बाजू, इथे मणी किंचित बाहेर डोकावायला हवा. टोचताना आलेले उंचवटे पॉलिश पेपरने सपाट करा आणि आतली बाजू मार्करने काळी करा. शेपटी आडवी ठेवून मणी दोन छिद्रांमध्ये बसवा, पट्टी मिटा आणि कडांना चिकटपट्टी लावा.

झालं भिंग. इथेच थांबून ते डोळ्याला लावून उजेडाकडे पाहा. एकसारखं प्रकाशाचं गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. वर्तुळाची कड दातेरी दिसली तर छिद्र पुन्हा साफ करा.

बैठक आणि बोल्ट

लेव्हेनहूक नमुना सुईच्या टोकावर चिकटवायचा आणि स्क्रूने ते टोक भिंगासमोर आणायचा. आवडता नमुना काढावा लागू नये म्हणून तो त्याच्यासाठी वेगळा सूक्ष्मदर्शकच ठेवून द्यायचा. आपण सुईऐवजी स्लाइड वापरू, स्क्रू मात्र त्याच कामाचा.

प्लास्टिक कार्डाच्या लांब बाजूच्या मध्यावर, कडेपासून बारा मि.मी. आत, कागदाला भोकं पाडायच्या पंचने भोक करा. भिंगाचा चौकोन त्या भोकावर कार्डाच्या आतल्या बाजूने चिकटवा. लहान छिद्र कार्डाकडे, मोठं बाहेर. आता स्लाइड कार्डाच्या त्याच लांब कडेला समांतर येईल. तिचं एक टोक जिथे टेकेल तिथे दुसऱ्या कार्डाचे दोन तुकडे एकावर एक चिकटवा. कार्ड पाऊण मि.मी. जाड असतं, म्हणजे दीड मि.मी.चा ओटा झाला. मणी दोनचा असेल तर तीन तुकडे लावा. स्लाइडच्या दुसऱ्या टोकाखाली येईल असं ३ मि.मी.चं भोक कार्डात पाडून त्यावर बाहेरून नट चिकटवा आणि बोल्ट आत फिरवा. बोल्टचं टोक स्लाइडला टेकेल. तिथे स्लाइडवर चिकटपट्टीचा तुकडा लावला तर काच टवकत नाही. दोन्ही टोकांना रबरबँड घालून स्लाइड कार्डावर ओढून धरा.

बोल्ट आत गेला की स्लाइडचं ते टोक कार्डापासून दूर जातं. या बोल्टचा एक वेढा म्हणजे अर्धा मिलिमीटर. नमुना मध्यावर असल्याने तो सरकतो त्याच्या निम्मा, पाव मिलिमीटर. फोकससाठी वेढ्याचा दहावा भागसुद्धा जाणवतो, म्हणून बोल्टच्या डोक्यावर बाटलीचं प्लास्टिकचं झाकण चिकटवा. मोठी चकती हळू फिरवता येते.

पाहायचं कसं

नजरेचा चष्मा असेल तर काढा. उपकरण डोळ्याला इतकं जवळ न्या की पापण्या कार्डाला लागतील. पांढरं आकाश, उजेड पडलेली भिंत किंवा बटर पेपर लावलेला एलईडी दिवा समोर ठेवा. सूर्याकडे कधीही, क्षणभरही नाही. बोल्ट सुरुवातीला बाहेर फिरवून नमुना मण्याच्या अगदी जवळ आणा, पण टेकवू नका. मग डोळा लावून हळूहळू दूर न्या. उलट दिशेने, म्हणजे दुरून जवळ आणत गेलात, तर मणी स्लाइडवर घासला जातो.

इथे शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाची सवय विसरायची. त्यात चित्र उलटं दिसतं, स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. एका भिंगात सगळं सुलटच दिसतं.

पहिला नमुना कांद्याचा. पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सोला, स्लाइडवर थेंबभर पाण्यात सपाट पसरा, टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका, कव्हर स्लिप ठेवा आणि जादा पाणी कागदाने टिपा. विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी आणि प्रत्येकीत पिवळसर तपकिरी केंद्रक दिसेल. तो स्पष्ट दिसला की तुमचं उपकरण जमलं. यानंतर जास्वंदीचे काटेरी परागकण, फुलपाखराच्या किंवा पतंगाच्या गळलेल्या पंखावरचे खवले, केस आणि कापसाचे धागे पाहा. हे सगळे कोरडे नमुने पारदर्शक चिकटपट्टीवर उचलून थेट स्लाइडवर लावले तरी चालतात.

जिवंत काही पाहायचं तर भाताचा पेंढा किंवा सुकं गवत विहिरीच्या किंवा डबक्याच्या पाण्यात भिजत घाला आणि भांडं तीन-चार दिवस सावलीत उघडं ठेवा. वरच्या पातळ सायीजवळचा थेंब घ्या. क्लोरिन घातलेलं नळाचं पाणी नको. पावसाळ्यात गच्चीच्या कठड्यावर येणारं हिरवं शेवाळ पाण्यात पिळून तो थेंब पाहिला तर त्याहून मौज. पॅरामेशियमसारखे जीव पाव मिलिमीटरच्या आसपास असतात, ते सहज दिसतात पण इकडून तिकडे धावतात. थेंबात कापसाचे दोन-तीन धागे टाकले की त्यांच्या जाळ्यात ते अडकून राहतात. जिवाणू एखाद्या मायक्रोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे असतात. दोनशे पटींच्या मण्यातून ते हलणाऱ्या ठिपक्यांपेक्षा जास्त दिसणार नाहीत. युट्रेक्टच्या भिंगासारखी ताकद हवी असेल तर आपल्याच गणिताने सव्वा मि.मी.चा, निर्दोष मणी लागेल. पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे लागू नका.

मोबाइलने फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचं भिंग कार्डाच्या भोकाला अगदी टेकवून धरा. डोळ्याला दिसतं त्याहून हे पुष्कळ सोपं वाटेल, आणि घरातल्या पाच जणांना एकदम दाखवताही येतं.

ज्योत नकोच असेल तर

जुन्या, बिघडलेल्या डीव्हीडी प्लेयरमधलं इवलंसं प्लास्टिकचं भिंग काढून घ्या. त्याचं नाभीय अंतर सुमारे ३ मि.मी., म्हणजे ८० पटींच्या आसपास ताकद मिळते आणि कडेपर्यंत चित्र स्वच्छ. त्याला बारीक छिद्राची गरज नसते. त्याहून सोपी, अगदी शाळकरी युक्ती स्टीफन ग्रे या इंग्रज संशोधकाने १६९६ मध्ये छापली होती: पत्र्याच्या लहान छिद्रात पाण्याचा थेंब अडकवायचा आणि तेच भिंग म्हणून वापरायचं. पाणी काचेपेक्षा प्रकाश कमी वाकवतं, म्हणून तेवढ्याच आकाराच्या मण्यापेक्षा ताकद कमी येते आणि थेंब सुकत जातो. पण पाच मिनिटांत वर्गात दाखवायला याहून स्वस्त काही नाही. मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये मांडलेला कागदी घडीचा फोल्डस्कोपही लहान गोल भिंगावरच चालतो. तो विकत घेणं कमीपणाचं नाही, फक्त मणी करण्याची मजा त्यात नाही.

दिसलं ते केवढं होतं

लेव्हेनहूक वाळूचा कण, बाजरीसारखं बारीक धान्य, उवेचा डोळा अशी मापं वापरायचा: अमुक जीव वाळूच्या कणाच्या इतक्या भागाएवढा. त्याच्या उतारवयात, १७१८ च्या सुमारास, जेम्स ज्युरिन या इंग्रज वैद्याने चांगली रीत काढली. केसासारखी बारीक चांदीची तार टाचणीवर वेढ्याला वेढा भिडवून गुंडाळायची, वेढ्यांची एकूण रुंदी मोजायची, वेढ्यांच्या संख्येने भागायचं. एका तारेची जाडी मिळाली. मग त्याच तारेचे तुकडे रक्ताच्या थेंबात टाकून रक्तपेशी आणि तार शेजारी शेजारी पाहायच्या.

आपल्याला चांदीची गरज नाही. जुन्या इयरफोनच्या वायरमधली एक तांब्याची तार सोलून सुईवर वीस वेढे भिडवून घाला. ते वीस वेढे दोन मिलिमीटरमध्ये बसले तर तार ०.१ मि.मी.ची. तिचा छोटा तुकडा कांद्याच्या पापुद्र्याशेजारी स्लाइडवर ठेवा आणि दोन्हींचा एकाच फोटोत मोबाइलने फोटो घ्या. तार कव्हर स्लिप उचलून धरेल इतकी जाड असेल तर कव्हर स्लिप न ठेवताच पाहा. फोटोत पेशीची रुंदी तारेच्या निम्मी भरली तर ती ०.०५ मि.मी. आहे. तारीख, मण्याचा व्यास, नमुना कुठून आणला आणि हे माप, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढचा मणी कराल तेव्हा हाच पापुद्रा आणि हीच तार पुन्हा पाहा. नवा मणी जुन्यापेक्षा बरा आहे की नुसताच लहान आहे, ते लगेच कळेल.